एका बिघडलेल्या छायाचित्राची साक्ष

माझ्यासमोर टेबलावर दोन छायाचित्रे आहेत. दोन्ही मासवणमधील आमच्या घरामागच्या बागेत, एकाच पावसाळ्याच्या अखेरीस घेतलेली. पहिले पाहणारा प्रत्येकजण ‘वा!’ म्हणतो. घाणेरीच्या फुलांवर पंख पसरून बसलेले मोठे काळे फुलपाखरू, मागच्या पंखांवर मधोमध पांढरा डाग, कडेने लाल चंद्रकोरींची रांग, आणि पंखांची शीर न् शीर स्पष्ट. दुसरे छायाचित्र पाहून मंडळी गप्प राहतात. त्यात पंखांच्या जागी धुरासारखा काळपट पट्टा आहे आणि त्यात लाल-पांढऱ्या रंगाचे ओरखडे दिसतात. स्पष्ट आले आहे ते फक्त मधले बोटाच्या पेराएवढे अंग. हे दुसरे छायाचित्र मी पुसून टाकणार होतो. ते राहिले, ही चांगली गोष्ट झाली. कारण पहिल्या छायाचित्राने मला फसवले आणि दुसऱ्याने खरे काय ते सांगितले.

हे कसे घडले ते आता क्रमाने पाहू या.

मासवणची बाग

पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सूर्या नदीच्या काठी मासवण हे गाव आहे. मी येथे राहतो आणि महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. प्राणिशास्त्राशी माझा संबंध बारावीनंतर सुटला. घरामागे दीड-दोन गुंठे मोकळी जागा आहे. तीत एक लिंबाचे झाड, एक सीताफळ, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कढीपत्ता, कुंपणाला रुई आणि आपोआप माजलेली घाणेरी, असा सगळा संसार. काही वर्षांपूर्वी एका मित्राकडून मी जुना डिजिटल कॅमेरा आणि १०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग विकत घेतले आणि सुटीच्या दिवशी सकाळी बागेत उभा राहू लागलो.

फुलपाखरांची बाग म्हणजे फुलांची बाग, असा माझाही समज होता. तो लवकरच गेला. फुलांवर फुलपाखरू येते ते मध पिण्यापुरते. ज्या बागेत ते वारंवार दिसते, तेथे त्याच्या अळीचे खाद्य असते. आणि अळ्या खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. रुईच्या पानांवर ‘प्लेन टायगर’ या तपकिरी-नारिंगी फुलपाखराची अळी वाढते. पानफुटीची पाने ‘रेड पिएरो’च्या अळीला लागतात, सीताफळाची ‘टेल्ड जे’च्या अळीला. लिंबू, कढीपत्ता, बेल ही एकाच कुळातील झाडे. त्यांच्यावर ‘लाइम’ आणि ‘कॉमन मॉर्मन’ या जातींच्या अळ्या असतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले मोठे निळे-काळे ‘ब्लू मॉर्मन’ हेही याच गोतावळ्यातले. त्याची अळीही लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढते. ठाण्याजवळ ओवळा गावात राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या वाडीत फुलझाडांच्या बरोबरीने अशी खाद्यझाडे मुद्दाम लावली आणि तेथे शंभराहून अधिक जातींची फुलपाखरे दिसू लागली. मला मात्र कोणतीही योजना करावी लागली नाही. माझ्या कढीपत्त्याने ती आधीच केली होती.

किती जवळ जावे?

आता थोडे पदार्थविज्ञान. मोठे काळे फुलपाखरू पंख पसरते तेव्हा त्याची रुंदी सुमारे १० सेंटिमीटर भरते. पूर्वी कॅमेऱ्यात जेथे फिल्म असे, तेथे आता प्रकाशग्राही पट्टी असते. माझ्या कॅमेऱ्यातील पट्टी २४ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच आहे. १०० मिलिमीटरच्या फुलपाखराची प्रतिमा २० मिलिमीटर आली, तर ती चौकटीत नीट बसेल. म्हणजे प्रतिमा वस्तूच्या एक पंचमांश हवी. यालाच आपण विशालन १/५ असे म्हणतो.

यासाठी फुलपाखरापासून किती अंतरावर उभे राहावे लागेल? भिंगाच्या सूत्रावरून हे काढता येते:

वस्तूचे भिंगापासून अंतर = नाभीय अंतर × (१ + १/विशालन)

नाभीय अंतर १०० मिलिमीटर असेल तर हे अंतर १०० × ६, म्हणजे ६० सेंटिमीटर येते. नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल तर ते निम्मे, म्हणजे ३० सेंटिमीटर होते. प्रतिमा दोन्ही वेळा तेवढीच मोठी. मग जास्त नाभीय अंतराचे भिंग कशाला? त्याचे उत्तर फुलपाखराला विचारावे! ३० सेंटिमीटरवर माणूस आला की ते उडालेच म्हणून समजा. ६० सेंटिमीटरवर ते थांबते, तेही कधी कधी.

फुलपाखराचे डोळे हजारो बारीक डोळ्यांचे बनलेले असतात आणि त्यांना हालचाल फार लवकर कळते. त्यामुळे हात झटकन वर न्यायचा नाही, आणि आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. वेळ सकाळची उत्तम. फुलपाखराच्या शरीराचे तापमान हवेप्रमाणे बदलते. रात्रभर गार पडलेल्या स्नायूंनी त्याला नीट उडता येत नाही. म्हणून उन्हे आली की ते पंख पसरून अंग शेकत बसते. छायाचित्रकाराला हीच संधी असते. पहिले छायाचित्र मी असेच, सप्टेंबरातील एका सकाळी, ऊन घाणेरीवर येताच घेतले.

एक सेंटिमीटरचे जग

जवळून छायाचित्र घेताना दुसरी अडचण येते ती खोलीची. भिंग एकाच अंतरावरील वस्तूची प्रतिमा अगदी बिनचूक पाडते. त्याच्या पुढचा किंवा मागचा बिंदू बिंदू न राहता छोटा वर्तुळाकार ठिपका होतो. हा ठिपका ०.०२ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर आपल्या डोळ्याला तो बिंदूच वाटतो. तेवढी सूट धरली, तर वस्तूचा किती जाडीचा थर स्पष्ट दिसेल हे पुढील सूत्राने अंदाजे सांगता येते:

स्पष्टतेची खोली = २ × छिद्रांक × ०.०२ × (१ + विशालन) ÷ (विशालन)²

छिद्रांक म्हणजे नाभीय अंतराला भिंगाच्या उघड्या छिद्राच्या व्यासाने भागल्यावर येणारी संख्या. छिद्र लहान केले की छिद्रांक वाढतो. छिद्रांक ८ ठेवून स्वतः आकडेमोड करून पाहा:

विशालन १/५ असता खोली ९.६ मिलिमीटर
विशालन १/२ असता खोली १.९ मिलिमीटर
विशालन १ असता खोली ०.६ मिलिमीटर

म्हणजे अख्ख्या फुलपाखराचे छायाचित्र घेताना आपल्याला जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचे जग स्पष्ट दिसते. नुसत्या डोक्याचे घ्यायचे म्हटले तर मिलिमीटरभराचेही नाही. पसरलेले पंख या थरात पूर्ण बसवायचे तर कॅमेऱ्याची पाठ पंखांना समांतर धरावी लागते. ही एक गोष्ट साधली की निम्मे काम झाले.

छिद्र आणखी लहान का करू नये? छिद्रांक ८ चा १६ केला तर खोली दुप्पट होते हे खरे. पण छिद्राचे क्षेत्रफळ चौथाई होते आणि प्रकाशही चौथाई येतो. मग शटर चौपट वेळ उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्या वेळात फुलपाखरू हलते. एका हाताने मिळवावे ते दुसऱ्या हाताने द्यावे लागते, असा हा व्यवहार आहे.

पंख का पुसट आले?

आता दुसऱ्या छायाचित्राकडे वळू. ते त्याच आठवड्यात दुपारी, कढीपत्त्याच्या सावलीत घेतलेले आहे. प्रकाश कमी होता म्हणून शटरचा काळ १/१२५ सेकंद ठेवावा लागला. फुलपाखराने पायांनी पानाची कड धरली होती, पण पंखांची फडफड चालूच होती.

पंखाचे टोक किती वेगाने हलत असेल? समजा, फुलपाखरू सेकंदाला १० वेळा पंख हलवते आणि दर वेळी टोक ५ सेंटिमीटर वर आणि ५ सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे सेकंदाला १०० सेंटिमीटर. वेग झाला सेकंदाला १ मीटर. १/१२५ सेकंदात टोक ८ मिलिमीटर सरकते. विशालन १/५ असल्याने प्रतिमेवर ही सरक १.६ मिलिमीटर येते. आपण सूट दिली होती ०.०२ मिलिमीटरची, ही तिच्या ८० पट! १/१००० सेकंद ठेवले असते तरी प्रतिमा ०.२ मिलिमीटर, म्हणजे सुटीच्या १० पट सरकली असती. पंख पूर्ण थांबवायचे तर सुमारे १/१०,००० सेकंद हवा. सावलीच्या जागी फ्लॅशच्या झोताने ते जमते, कारण कमी शक्तीवर ठेवलेल्या फ्लॅशचा झोत तेवढाच क्षणभर टिकतो.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. पायांनी पान धरलेले असल्यामुळे अंग मात्र जवळजवळ स्थिर होते. म्हणून पंख पुसट आले, तरी अंग स्वच्छ उमटले. तेव्हा मला त्याचे काहीच महत्त्व वाटले नाही. ‘शटरचा वेग कमी पडला तर काय होते’ याचा नमुना म्हणून मी ते छायाचित्र ठेवले.

“सर, याचं अंग काळं कसं?”

पुस्तकातील चित्रांशी पंख ताडून मी फुलपाखराचे नाव ठरवले होते: ‘कॉमन रोझ’. काळे पंख, शेपट्या, पांढरा डाग, लाल चंद्रकोरी, सगळे जुळत होते. दोन्ही छायाचित्रांखाली मी तेच नाव लिहिले.

पुढे २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, जवळच्या एका शाळेत मला ‘छायाचित्रणातील पदार्थविज्ञान’ या विषयावर बोलायला बोलावले. मी दोन्ही छायाचित्रे दाखवली. एक चांगले म्हणून, एक बिघडलेले म्हणून. बोलता बोलता पुस्तकात वाचलेली माहितीही सांगून टाकली: कॉमन रोझचे अंग लाल असते, आणि हा लाल रंग पक्ष्यांना ‘मी विषारी आहे’ असे बजावतो.

व्याख्यान संपल्यावर आठवीतील एक मुलगी उभी राहिली. “सर, तुम्ही म्हणालात या फुलपाखराचं अंग लाल असतं. मग या फोटोत ते काळं कसं?”

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “सावलीत काढलाय ना, म्हणून रंग गडद आलाय.”

ती खाली बसली नाही. “पण सर, पंखावरचा लाल रंग दिसतोय की! सावली तर दोन्हीवर आहे.”

वर्गात शांतता. माझ्याकडे उत्तर नव्हते. तिचे म्हणणे कोणत्याही प्रयोगशाळेत मान्य व्हावे असे होते. एकाच प्रकाशात, एकाच क्षणी, एकाच पट्टीवर उमटलेल्या दोन भागांपैकी एकाचा लाल रंग टिकतो आणि दुसऱ्याचा नाहीसा होतो, हे प्रकाशाच्या माथी मारता येत नाही. जे विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो, की निरीक्षण आणि समजूत यांत विरोध आला तर आधी समजूत तपासा, तेच मी स्वतः केले नव्हते. “पाहून सांगतो,” एवढेच म्हणून मी घरी आलो.

रात्री ती छायाचित्रे मोठी करून पाहिली. दुसऱ्यात अंग बाजूने दिसत होते आणि ते संपूर्ण काळे होते. लाल रंगाचा मागमूस नव्हता. आणि पहिल्या, सुंदर छायाचित्रात? ते वरून घेतले होते. डोके फुलांच्या गुच्छात बुडालेले, पोटाचे टोक एका पानाआड. कॉमन रोझचा लाल रंग तर मुख्यतः डोक्यावर, अंगाच्या बाजूंना आणि पोटाच्या टोकाकडे असतो. म्हणजे ज्या खुणेवरून निर्णय व्हायचा तीच त्या छायाचित्रात नव्हती. पंखांच्या सौंदर्यावर भुलून मी ती शोधलीही नव्हती.

सोंग कशासाठी?

मग हे काळ्या अंगाचे फुलपाखरू कोणते? पुस्तक पुन्हा उघडले आणि दोन पाने पुढेच उत्तर सापडले: कॉमन मॉर्मनची मादी.

कॉमन रोझची अळी ईश्वरी किंवा सापसंद नावाच्या वेलीवर वाढते. त्या वेलीतील विषारी द्रव्ये अळी अंगात साठवते आणि ती पुढे फुलपाखरातही उतरतात. असे फुलपाखरू चाखलेला पक्षी पुन्हा तशा रंगाच्या वाटेला सहसा जात नाही. कॉमन मॉर्मनची अळी मात्र कढीपत्ता आणि लिंबू खाते. तिच्या फुलपाखरात असे विष नसते. पण मॉर्मनच्या काही माद्यांचे पंख थेट रोझसारखे असतात. पक्षी फसतो आणि ती वाचते. निर्विष प्राण्याने विषारी प्राण्याचे रूप घेण्याच्या या प्रकाराचे पहिले सविस्तर स्पष्टीकरण हेन्री बेट्स या निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांवरून १८६२ साली दिले.

कॉमन मॉर्मनची गंमत याहून मोठी आहे. नर नेहमी एकाच रूपाचा: काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी रांग. माद्या मात्र आपल्याकडे तीन रूपांच्या: एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी ‘क्रिमझन रोझ’ या दुसऱ्या विषारी जातीसारखी. ही रूपे पूर्वी वेगवेगळ्या जाती म्हणून गणली जात. त्या एकाच जातीच्या माद्या आहेत आणि त्यांतील काही विषारी फुलपाखरांचे सोंग घेतात, हे आल्फ्रेड वॉलेस याने १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिले. हाच वॉलेस डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा विचार मांडणारा. तेव्हा माझी चूक अगदीच नवी नव्हती. पण ती दीडशे वर्षे उशिराने झाली होती, एवढेच!

पंख सारखे, तर दोघींना ओळखायचे कसे? खूण एकच आणि ती पक्की: रोझचे अंग लाल, मॉर्मनचे काळे. सोंग पंखांपर्यंत आले, अंगापर्यंत आले नाही.

कढीपत्त्याची साक्ष

पुस्तकातील खूण जुळली, म्हणून मी लगेच शाळेत गेलो नाही. एकदा घाई केली होती, ती पुरे होती. छायाचित्राला दुसरी, स्वतंत्र साक्ष हवी होती. ते फुलपाखरू कढीपत्त्यावर काय करीत होते, हा प्रश्न आता डोक्यात घोळू लागला. कढीपत्त्याची फुले तेव्हा नव्हती, म्हणजे मधासाठी ते आले नव्हते. मग अंडी घालायला आले असेल काय?

जुलैत तसेच फुलपाखरू पुन्हा दिसले. मादी कोवळ्या पानावर टेकायची, पोट वाकवायची आणि उडायची. दर वेळी एकच अंडे: गोल, पिवळसर, मोहरीपेक्षाही लहान. मी अशी पाच पाने हेरली आणि त्यांच्या देठांना लाल दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी एक अंडे नाहीसे झालेले होते. उरलेल्या चार फांद्या मलमलीच्या पिशव्यांत बांधल्या.

तीन-चार दिवसांत अळ्या निघाल्या. लहानपणी ही अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. करडी-काळी, मध्ये पांढरा डाग. पुढे कात टाकून ती हिरवीगार होते. तिला काडीने डिवचले तर डोक्यामागून लाल रंगाचे दुहेरी शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. भूक मात्र विलक्षण. कढीपत्त्याचे शेंडे दिसेनासे होऊ लागले तशी सौभाग्यवतींनी खिडकीतून विचारले, “अहो, फोडणीला चार पानं तरी ठेवणार आहात, की सगळी या पाहुण्यांच्या पंगतीला?”

खरे सांगायचे तर याआधी दर वर्षी या अळ्या मीच वेचून टाकत असे. झाड वाचवायचे म्हणून एकदा औषधही फवारले होते. फुलपाखरू हवे आणि अळी नको, असा माझा हिशेब होता. तो चुकीचा आहे हे चार पिशव्यांकडे पाहताना कळले.

अळ्या कोश करून लटकल्या. एका कोशाला बारीक भोक पडले आणि त्यातून फुलपाखराऐवजी इवल्या इवल्या परजीवी माश्यांचा थवा निघाला. त्यांनी अळीच्या किंवा कोशाच्या अवस्थेतच आपली अंडी आत घातलेली असणार. उरले तीन. अंड्यापासून सुमारे महिनाभराने, एका सकाळी पहिले फुलपाखरू बाहेर आले. ओले पंख सुकवत ते पिशवीच्या कापडावर बसले होते: काळे, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. कॉमन मॉर्मन! दुसरेही तसेच. तिसरे उघडले तेव्हा मागच्या पंखांवर पांढरा डाग, कडेला लाल चंद्रकोरी, आणि अंग? अंग काळे. लाल चंद्रकोरींच्या आईची तीन मुले, दोन रूपांची. आता शंकेला जागा नव्हती.

आईसारखी मुलगी, पण भाऊ वेगळे, हे कसे? सोंगाचे रूप ठरवणारे जनुक मॉर्मनच्या नरातही असते, पण तेथे त्याचा परिणाम दिसत नाही. तो मादीतच दिसतो. लिव्हरपूलचे डॉक्टर सिरिल क्लार्क आणि त्यांचे सहकारी फिलिप शेपर्ड यांनी या जातीची पैदास करून, कोणत्या मादीला कोणती पिल्ले होतात याच्या नोंदी केल्या आणि १९७२ साली त्या प्रसिद्ध केल्या. क्लार्क व्यवसायाने वैद्य. फुलपाखरे हा त्यांचा छंद. अशा फुलपाखरांतील जनुकांचा अभ्यास करतानाच त्यांचे लक्ष माणसाच्या आर.एच. रक्तगटाकडे वळले. आई आर.एच. निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या रक्तपेशींना जो धोका पोचतो, तो टाळणारे इंजेक्शन शोधण्यात १९६० च्या दशकात त्यांच्या गटाचा मोठा वाटा होता. ते इंजेक्शन आजही आपल्याकडच्या रुग्णालयांत दिले जाते.

एकाच जनुकाने पंखाची सगळी नक्षी कशी बदलते, हा प्रश्न मात्र बराच काळ राहिला. त्यासाठी शेजारी शेजारी चिकटलेल्या अनेक जनुकांचा गट असावा, असा तर्क होता. २०१४ साली कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की हे काम ‘डबलसेक्स’ नावाचे एकच जनुक करते. कीटकांत नर आणि मादी यांच्या शरीरातील फरक घडवणारे म्हणून हे जनुक आधीपासून माहीत होते. सोंग फक्त माद्याच का घेतात, याचे उत्तर त्यामुळे हाताशी आले. ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ या पुस्तकामुळे कुंटे यांचे नाव मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्यांनी अभ्यासलेली जात माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली वाढत होती आणि मी तिच्यावर औषध फवारत होतो!

करून पाहा

हा छंद लावून घेण्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. घरातील मोबाइल चालेल. त्यातील प्रकाशग्राही पट्टी फार लहान असते, म्हणून फुलपाखरू चौकटीत बसवायला विशालनही लहान पुरते. वरच्या सूत्रात विशालन लहान घालून पाहा. स्पष्टतेची खोली वाढलेली दिसेल. तोटा एवढाच की बरेच जवळ जावे लागते. म्हणून सकाळची, फुलपाखरू अंग शेकत असतानाची वेळ गाठावी. या गोष्टी सांभाळा:

१. एकाच फुलपाखराची निदान तीन छायाचित्रे घ्या: वरून, बाजूने, आणि मिटलेल्या पंखांची. ओळखीची खूण कोठे असेल ते आधी सांगता येत नाही.

२. तारीख, वेळ, गाव आणि फुलपाखरू कोणत्या झाडावर काय करीत होते, हे त्याच दिवशी वहीत लिहा. तारीख आणि ठिकाण नसलेले छायाचित्र दिसायला चांगले असेल, पण नोंद म्हणून त्याचा उपयोग नाही.

३. पुसट आलेली छायाचित्रे लगेच पुसू नका. आठवड्याने पुन्हा पाहा.

४. नाव पक्के नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह लिहा. त्यात कमीपणा नाही.

५. फुलपाखराला पकडू नका, आणि छायाचित्रासाठी फांदी तोडू नका. अळी वाढवायची असेल तर ती आहे त्याच झाडावर, कापडाच्या पिशवीत ठेवा आणि फुलपाखरू निघताच पिशवी सोडा.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या आवारात कढीपत्त्याची आणि लिंबाची दोन रोपे लावली, तर अंडे, अळी, कोश, फुलपाखरू हा धडा वर्षातून अनेकदा समोर घडताना दाखवता येईल. त्या रोपांवर औषध मात्र मारू नये.

ऑगस्टच्या अखेरीस मी त्या शाळेत पुन्हा गेलो. ती मुलगी आता नववीत होती. तिच्या वर्गासमोर मी तिन्ही फुलपाखरांची छायाचित्रे मांडली आणि फेब्रुवारीत मी दिलेले उत्तर चूक होते, हे सांगितले. तिने सगळी छायाचित्रे जवळून पाहिली आणि म्हणाली, “सर, आमच्या पाड्यावर ही कढीपत्त्यावर नेहमी येते. पण तुम्ही नाव सांगितलंत, म्हणून मला वाटलं ती वेगळी असेल.”

पहिली दोन छायाचित्रे आता त्या शाळेच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावलेली आहेत. त्यांच्याखालचे जुने नाव मी एका रेघेने खोडले आहे, ते वाचता येईल असे, आणि वर नवे नाव लिहिले आहे. आमच्या बागेत या पावसाळ्यात कढीपत्त्याचे आणखी एक रोप लावले. एक झाड फोडणीचे, एक अळ्यांचे, असा घरात ठराव झाला आहे.